सतरा ठिपके आणि एक टवका

मंडळी, एक छोटासा प्रयोग करा. घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या मॉड्युलर कपाटाचं दार उघडा आणि आतल्या फळीच्या कडेवरून बोट फिरवा. पुढची कड गुळगुळीत लागेल, कारण तिच्यावर एजबँडची पट्टी चिकटवलेली असते. पण जिथे पट्टी नाही तिथे, म्हणजे मागच्या बाजूला किंवा वायर जायला पाडलेल्या भोकापाशी, बहुधा बोटाला काहीतरी टोचेल. सनमायकाचा टवका उडालेला दिसेल, नाहीतर प्लायची एखादी बारीक फास वर आलेली असेल.

आजचा लेख या टवक्याबद्दल आहे. विषय ऐकून पान बंद करू नका :-) कारण प्रश्न वाटतो त्यापेक्षा इंटरेस्टिंग आहे. ती फळी कापणारं सीएनसी राउटर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकं अचूक हलतं. ड्रॉइंगमध्ये रेघ सरळ आहे, मशीनही सरळच जातं. मग टवका येतो कुठून? याचं उत्तर शोधायला गेलो आणि थेट १९४२ सालच्या मिशिगनमध्ये जाऊन पोचलो.

बंद पडलेला फर्निचरचा कारखाना

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचं गाव आहे. तिथल्या जॉन पार्सन्स या गृहस्थांना कुणीतरी सांगितलं की आता हेलिकॉप्टरचे दिवस येणार. त्यांनी सिकॉर्स्की कंपनीकडे विचारणा केली आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांमधले लाकडी भाग बनवायचं काम मिळवलं. हो, लाकडीच! तेव्हा पातं म्हणजे मधे पोलादी नळी, तिच्यावर आकार देणाऱ्या लाकडी फासळ्या आणि वरून आवरण. हे काम सुरू झालं एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यात.

सिकॉर्स्कीकडून फासळीचा आकार यायचा तो १७ ठिपक्यांच्या रूपात. ते ठिपके वक्रपट्टीने जोडायचे, त्यावरून लाकडी साचा करायचा आणि त्यात फासळ्या बसवायच्या. पुढे एक पातं निकामी झालं, त्याची कारणं शोधताना पार्सन्स धातूच्या फासळ्यांकडे वळले. १९४६ साली फ्रँक स्ट्युलेन नावाचा इंजिनिअर त्यांच्याकडे आला. तो पंचकार्डांवर चालणारी आयबीएमची गणनयंत्रं वापरून पात्यांची गणितं करायचा. पार्सन्सनी त्याला विचारलं, हेच यंत्र वापरून १७ च्या जागी २०० ठिपके काढून देशील का? आणि प्रत्येक ठिपका कटरच्या त्रिज्येइतका बाहेर सरकवून?

आपल्यापैकी ज्यांनी कधी कॅमचं सॉफ्टवेअर हाताळलंय त्यांच्या लक्षात आलंच असेल. ज्याला आज आपण कटर कॉम्पेन्सेशन म्हणतो, त्याचाच हा जन्म.

मशीन मात्र अजून माणसंच चालवत होती. एक जण तक्त्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचा, दुसरा एक्सचं चाक फिरवायचा, तिसरा वायचं. जागा जुळली की कटर खाली. मग पुढचा आकडा. तीन माणसांचं मिळून एक जिवंत सीएनसी! पुढे १९४९ साली अमेरिकी हवाई दलाने पार्सन्सना कंत्राट दिलं, त्यांनी एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरीची मदत घेतली आणि सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने पंच केलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं. तोवर एमआयटीने हवाई दलाशी परस्पर करार करून पार्सन्सना जवळजवळ बाजूला सारलं होतं. (ऑफिसात हे पाहिलेलं असेलच.) मूळ पेटंट मात्र १९५८ साली पार्सन्स आणि स्ट्युलेन यांच्याच नावावर मंजूर झालं.

पुढचा टप्पा सॉफ्टवेअरचा. डग्लस रॉस यांच्या गटाने एपीटी ही भाषा तयार केली आणि १९५९ साली पत्रकारांना त्या भाषेत प्रोग्रॅम करून कापलेला एकेक ॲल्युमिनियमचा ॲशट्रे भेट दिला. ज्याला आपण जी-कोड म्हणतो त्याचं अमेरिकी मानक १९८० साली पक्कं झालं. त्यातली एक ओळ मशीनला सांगते: इथून तिथपर्यंत सरळ जा, या वेगाने जा. बस्स.

लाकूड कुठे गेलं?

आता गंमत बघा. गोष्ट सुरू झाली लाकडापासून, तीही फर्निचरच्या कारखान्यात. पण ठिपक्यांची कल्पना वाढली ती धातूवर. आणि ठिपक्यांच्या कल्पनेला धातू फार मानवतो, कारण धातू सगळ्या दिशांनी साधारण सारखाच वागतो. ॲल्युमिनियमचा ठोकळा उत्तर-दक्षिण कापा की पूर्व-पश्चिम, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे "वस्तू म्हणजे तिच्या कडेवरचे ठिपके" असं धरून चाललं तरी बहुतेक निभावतं.

लाकडाचं तसं नाही. खराट्याच्या काड्यांची घट्ट जुडी घेऊन कोयत्याने कापून बघा. आतल्या काड्या स्वच्छ तुटतात, कारण त्यांना शेजारच्या काड्यांचा आधार असतो. कोयता जिथून बाहेर पडतो त्या बाजूच्या काड्यांना मात्र मागे कुणीच नसतं. त्या तुटण्याआधी वाकतात, फाटतात, सोलून निघतात. लाकडाचे तंतू असेच. टवका म्हणजे आधार नसलेला तंतू, कापला जाण्याऐवजी उचकटलेला.

हे कुठल्याही जुन्या सुताराला ठाऊक होतं. करवत लावण्याआधी तो रेघेवर पटाशीने किंवा सुरीने खाच पाडतो, म्हणजे वरचे तंतू आधीच तुटलेले असतात. आरपार भोक पाडायचं तर खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा धरतो, म्हणजे शेवटच्या तंतूंना आधार मिळतो. चौदाव्या लुईच्या काळात पॅरिसमध्ये आंद्रे-शार्ल बुल हा कारागीर पितळ आणि कासवाच्या पाठीचे पातळ पत्रे एकावर एक रचून एकत्र कापायचा. जडावकामाच्या या गठ्ठा पद्धतीत वर-खाली टाकाऊ फळ्या ठेवून मधले नाजूक थर कापण्याचा रिवाज पुढे रुळला. टवके उडायचेच असतील तर त्या फळ्यांचे उडतील!

थोडक्यात काय, तर तीन युक्त्या. वरचा थर आधी कापा. कडेच्या तंतूला मागून आधार द्या. आणि जमलं तर जोर बाहेरच्या दिशेने न लावता आतल्या दिशेने लावा. पुढे आलेली सगळी मशीनं या तीन युक्त्यांवरच चालतात.

फळी बदलली

दरम्यान खुद्द लाकूडच बदलत होतं. प्लायवुडचं एक सुरुवातीचं अमेरिकी पेटंट १८६५ सालचं, जॉन मेयो यांचं. १९०५ साली ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात प्लायवुड मांडलं गेलं आणि तिथल्या लाकूड उद्योगाला नवा धंदा मिळाला. पाण्याला टिकणारा डिंक मात्र १९३४ साली जेम्स नेव्हिन यांनी आणला. प्लायमध्ये थर एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणून ती वाकत नाही. पण त्यामुळेच तुम्ही कुठल्याही दिशेने कापा, कुठला ना कुठला थर आडवाच कापला जातो. फट्टकन टवका.

जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांनी १९३२ साली पार्टिकल बोर्डाचं पेटंट घेतलं. झाडाचा बराचसा भाग भुसा आणि ढलप्या होऊन वाया जातो हे त्यांना बघवत नव्हतं. एमडीएफचं उत्पादन १९६० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या डिपॉझिट नावाच्या गावी सुरू झालं. आणि वरचं लॅमिनेट? ते १९१२-१३ सालचं. वेस्टिंगहाऊसमधल्या दोन इंजिनिअरांनी विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायला ते बनवलं. इंग्रजीत अभ्रकाला मायका म्हणतात, म्हणून "मायकाऐवजी" या अर्थाने फॉर्मायका. आपण ज्या ब्रँडच्या नावाने सगळ्याच लॅमिनेटला सनमायका म्हणतो, त्यातही तोच मायका बसलाय.

हे लॅमिनेट काचेसारखं कडक आणि ठिसूळ. पार्टिकल बोर्डातला वाळलेला डिंकही धारेला खाणारा. साध्या हायस्पीड स्टीलच्या धारेचा त्यापुढे निभाव लागेना. इथे मदतीला आला बल्ब. बल्बची टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे महागडे साचे लागायचे, त्यांना पर्याय शोधताना ओसराम कंपनीच्या कार्ल श्र्योटर यांनी १९२३ साली टंगस्टन कार्बाइड जुळवून आणलं. क्रुप कंपनीने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते विडिया नावाने बाजारात आणलं. विडिया म्हणजे जर्मनमध्ये "हिऱ्यासारखं". आजही राउटरचं चांगलं बिट कार्बाइडचंच असतं.

मशीन सुतारकाम शिकतं

विल्हेल्म आल्टेनडोर्फ यांनी १९०६ साली बर्लिनमध्ये सरकत्या टेबलाची करवत बनवली. पुढे अशा करवतींना एक छोटं जादा पातं जोडलं गेलं, स्कोअरिंग ब्लेड. मुख्य पात्याचे दात फळीच्या वरून शिरतात आणि खालून बाहेर पडतात, म्हणून टवके खालच्या बाजूला उडतात. हे छोटं पातं मुख्य पात्याच्या पुढे, उलट्या दिशेने फिरतं आणि खालच्या बाजूला एक-दोन मिलिमीटरची खाच आधीच पाडून ठेवतं. ओळखलंत ना? सुताराची सुरी. युक्ती क्रमांक एक.

राउटरला ही युक्ती सहज जमत नाही, कारण त्याचं बिट उभं असतं आणि कुठल्याही दिशेने वळतं. त्याचा सगळा खेळ बिटावरच्या पिळात. पीळ एका बाजूचा असेल तर बिट ढलप्या वर ओढतं. खाच साफ होते, खालची कड छान येते, पण वरच्या कडेचे तंतू उचकटतात. पीळ उलटा दिला की तंतू खाली दाबले जातात. वरची कड सुरेख, पण भुसा खाचेत अडकतो आणि आरपार कापताना खालची कड फुटते. दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर करायचं काय?

उत्तर आहे कॉम्प्रेशन बिट. टोकाकडचा थोडा भाग वर ओढणारा, त्यावरचा भाग खाली दाबणारा. दोन्ही कडांवरचा जोर फळीच्या पोटाकडे जातो. हे बिट बघितलं तेव्हा मला एखादा सुंदर अल्गोरिदम वाचल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पण त्यालाही अट आहे. टोकाचा वर ओढणारा भाग समजा ५ मिलिमीटरचा असेल, आणि तुम्ही सावधगिरी म्हणून पहिल्या फेरीत ४ मिलिमीटरच खोल गेलात, तर वरची कड नेमकी त्याच भागाखाली येते. म्हणजे भरपूर पैसे देऊन घेतलेल्या बिटाने नेमका टवका. म्हणून हे बिट पहिल्याच फेरीत त्या भागापेक्षा खोल घालतात, आणि १८ मिलिमीटरची शीट शक्यतो एकाच फेरीत. फळीत शिरायचं तेही तुकड्याच्या रेघेवर नाही, बाहेर टाकाऊ भागात.

हळू म्हणजे स्वच्छ?

मध्यंतरी पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पुस्तकांचं कपाट करून घ्यायला गेलो होतो. (नावं नकोत.) तिथले ऑपरेटर काका पन्नाशीचे, आधी हाताने सुतारकाम करायचे. मी भाबडेपणाने विचारलं, "काका, मशीन थोडं हळू चालवलं तर कड जास्त चांगली येईल ना?"

"उलट जळेल, साहेब," ते म्हणाले. आणि मला एक मूठ भुसा हातात दिला. "हा चुरा वाटतो की पीठ? पीठ पडलं की समजायचं धार घासतीय, कापत नाही."

घरी येऊन गणित मांडलं. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेतोय, बिटाला दोन धारा, म्हणजे मिनिटाला ३६,००० काप. मशीन मिनिटाला ९ मीटर पुढे जात असेल तर प्रत्येक काप ०.२५ मिलिमीटरचा. भीतभीत २ मीटरवर आणलं तर काप जेमतेम ०.०५५ मिलिमीटर. इतक्या पातळ कापात धार लाकडात शिरत नाही, वरून घासत राहते. एरवी उष्णता ढलपीबरोबर निघून जाते, इथे ती बिटात साठते. कड काळी पडते, धार बोथट होते, आणि मग टवके चालू. काकांनी मुठीत दिलेल्या भुशात हे सगळं होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती शीट धरण्याची. राउटरवर शीट व्हॅक्यूमने धरतात आणि खाली एमडीएफची फळी अंथरतात. एमडीएफमधून हवा झिरपते, म्हणून ओढ वरच्या शीटपर्यंत पोचते, आणि तीच फळी खालच्या कडेला आधारही देते. युक्ती क्रमांक दोन! हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. त्यातला अर्धाच मिळाला असं धरलं तरी आठ बाय चारच्या शीटवर जवळजवळ १५ टनांची पकड बसते. पण १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्यावर तीच पकड फक्त ५० किलो, आणि कापलेल्या खाचांमधून हवा गळायला लागली की त्याहून कमी. तुकडा केसभर हलला की कड गेली. म्हणून काका छोटे तुकडे आधी कापतात, शीट अजून अखंड असताना. आणि अगदी छोट्यांना तळाशी अर्ध्या मिलिमीटरची पातळ साल ठेवतात, ती शेवटच्या हलक्या फेरीत काढतात.

यातलं काहीही ड्रॉइंगमध्ये नव्हतं. काकांच्या वहीत होतं. कुठल्या कंपनीच्या प्लायला किती वेग, पावसाळ्यात काय बदल, कुठलं बिट किती शीट चालतं. धार नेहमी सनमायकाच्या उंचीवरच खाल्ली जाते, म्हणून बिट अधूनमधून थोडं वर-खाली करून बांधायचं, हेही.

मुद्दाम गाळलेली गोष्ट

डेव्हिड नोबल नावाच्या इतिहासकाराने १९८४ साली या सगळ्यावर एक पुस्तक लिहिलं, "फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन". त्याचं म्हणणं असं की १९४० च्या दशकात मशीनं स्वयंचलित करायचा आणखी एक मार्ग होता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९४६-४७ च्या सुमारास असं मशीन बनलं होतं की कुशल कारागीर एक भाग स्वतः कापायचा, त्याच्या हालचाली टेपवर नोंदल्या जायच्या आणि मग मशीन त्या पुन्हा पुन्हा करायचं. म्हणजे प्रोग्रॅमर तोच कारागीर! नोबलच्या मते हा मार्ग मागे पडला तो केवळ तांत्रिक कारणांनी नाही. व्यवस्थापनाला कारखान्यातलं ज्ञान कामगाराच्या हातातून काढून ऑफिसात आणायचं होतं, आणि ठिपक्यांची पद्धत त्याला सोयीची होती.

मला नोबल पूर्ण पटत नाही. विमानाच्या पंखाचे वक्र कुठल्याही हाताने कापून टेपवर घेता आले नसते, त्याला गणितच लागणार होतं. पण फळीच्या टवक्याकडे पाहिलं की त्याच्या म्हणण्यातलं एक टोक हाताला लागतं. ठिपक्यांच्या भाषेत रेघ कुठे आहे हे सांगता येतं. शीटची चांगली बाजू कुठली, तंतू कुठल्या दिशेला, डिंक किती कडक, हे सांगायला त्या भाषेत शब्दच नाही. म्हणून हे ज्ञान नाहीसं झालं नाही, फक्त हिशेबातून गेलं. थोडं बिटाच्या पिळात जाऊन बसलं, थोडं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, आणि उरलेलं काकांच्या वहीत.

हे आपल्याला अनोळखी आहे का? प्रत्येक टीममध्ये एक माणूस असतो ज्याला माहीत असतं की तो सर्व्हर सोमवारी सकाळी रीस्टार्ट करायचा नाही. डॉक्युमेंटमध्ये ते नसतं. तो माणूस गेल्यावर कळतं.

त्या वर्कशॉपच्या मालकाने नवीन नेस्टिंग सॉफ्टवेअर घेतलंय. शीटवर तुकडे कसे बसवायचे हे ते झकास ठरवतं, लाकूड खरंच कमी वाया जातं. हिमेलहेबरला आनंद झाला असता. मालक मला उत्साहाने म्हणाले, "आता कुणीही पोरगा बटण दाबेल." काका शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत. मालकांचा हिशेब मला समजतो. सॉफ्टवेअरची किंमत बिलावर दिसते, वहीची दिसत नाही. पण टवका उडालेली एक शीट फुकट गेली की ती कुठल्या खात्यात टाकायची हेही त्या सॉफ्टवेअरला माहीत नाही.

मला विचाराल तर उपाय अवघड नाही. वहीतले आकडे टूल लायब्ररीत भरायचे, काकांच्या समोर बसून, आणि त्या कामाचे त्यांना पैसे द्यायचे. प्रोग्रॅमिंगच आहे ते. मालकांना तसं सुचवलंय, बघू. तुम्हीही उद्या किचन किंवा कपाट करून घ्यायला गेलात तर शीटमागचा दर विचारा, पण त्याच्याबरोबर मशीन कोण चालवतं तेही विचारा. आणि जमल्यास त्यांच्याशी पाच मिनिटं बोला. मूठभर भुसा हातात मिळाला तर नीट बघा, चुरा आहे की पीठ.